थंड मुलखातलं गरम जेवण: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी थंडीच्या जेवणाबद्दल बरीच पत्रं आलीत. सगळ्यांना जागा देता येत नाही म्हणून तीन निवडलीत, तिन्ही तीन वेगळ्या थंड मुलखांतल्या पदार्थांबद्दलची.

प्रश्न: ताई, मी सध्या स्टॉकहोमला मुलाकडे आलेय, डिसेंबर चालू आहे आणि तीन वाजायच्या आत अंधार पडतो. नातवाला शाळेत गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक मिळतं, ते त्याला घरी पण हवंय. मी कांदा-टोमॅटो घालून केलं तर दोन तास उकळूनही वाटाणे टणकच, शेवटी वरून मोहरीची फोडणी दिली तर म्हणाला, आजी ही तर उसळ आहे. (एक आजी, मूळच्या साताऱ्याच्या)

उत्तर: काकू, वाटाणे टोमॅटोमुळे अडले. आंबट काहीही आधी पडलं की कडधान्याचं साल मऊ व्हायचं थांबतं, आपण चिंच-आमसूल शेवटी घालतो ते याचसाठी. या सूपमध्ये टोमॅटो नसतोच. अर्धा किलो पिवळे अख्खे वाटाणे रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, चांगले बारा तास, सकाळी ते पाणी टाकून दीड लिटर नवीन पाण्यात कांदा घालून मंद आचेवर ठेवा, वर जी सालं तरंगतात ती झाऱ्याने काढत राहा आणि दीड-दोन तासांनी वाटाणे आपोआप फुटून दाट झाले की थाइम, मार्जोरम (दोन्ही वासाची पानं) आणि मीठ. तिकडे त्यात खारवलेलं डुकराचं मांस असतं, तुम्ही खात नसाल तर नका घालू, थोडं लोणी घाला.

मोहरीबद्दल नातवाचं बरोबर आहे. मोहरी असते, पण फोडणीत नाही. तयार मोहरीची पेस्ट, तिकडे सेनाप म्हणतात ती, चमचाभर ताटलीच्या कडेला लावायची आणि प्रत्येक घासाला थोडी थोडी सूपमध्ये ओढून घ्यायची, सगळी एकदम ढवळायची नाही.

आणि गुरुवारच का, तर पूर्वी शुक्रवारी उपास असायचा म्हणून आदल्या दिवशी पोटभर जड जेवायचं, असं सांगतात. तुमच्याकडे गुरुवारचाच उपास असेल तर बुधवारी करा, बिघडत नाही. पॅनकेकला घरातलं डेसिलिटरचं (शंभर मिलीचं) माप घ्या: अडीच मैदा, सहा दूध, तीन अंडी, चिमूटभर मीठ, आणि लोण्यावर घावनासारखे पातळ काढा, सोबत जॅम. उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी पिठल्यासारखं घट्ट होतं तेव्हा गरम करताना पाणी घाला.

प्रश्न: ताई, बोर्श्त, म्हणजे युक्रेनकडचं बिटाचं सूप, करून बघितलं. बीट, कोबी, बटाटा, टोमॅटो सगळं कुकरला लावलं, तीन शिट्ट्या केल्या. रंग मातकट ब्राऊन आला आणि बटाटे मात्र बाहेरून कडक. मुलांनी हात लावला नाही. फोटोत तर लालभडक असतं! (एक वाचक, नाशिक)

उत्तर: यात तुमचा हात वाईट नाही, फक्त क्रम चुकला. बिटाचा रंग जास्त वेळ उकळला की मरतो आणि आंबटपणा मिळाला की टिकतो, बटाट्याचं बरोबर उलटं, त्याला आंबट लागलं की तो शिजायला त्रास देतो. दोघांना एका कुकरात कोंडलं की दोघंही बिघडतात. म्हणून युक्रेनमध्ये बीट वेगळं परततात.

दोन मध्यम बिटं किसून तेलात टाका, लगेच चमचाभर व्हिनेगर आणि चिमूटभर साखर, मग टोमॅटो प्युरी, झाकण ठेवून बारीक गॅसवर पंधरा मिनिटं. व्हिनेगर पडताक्षणी कीस जांभळटवरून झगझगीत लाल होतो, तो क्षण बघाच. दुसऱ्या पातेल्यात मटणाच्या हाडांचं पाणी उकळत ठेवा, तिकडे बहुतेक बीफचं असतं, किंवा शाकाहारी हवं तर भिजवून शिजवलेला राजमा आणि मशरूम, आणि ही काही तडजोड नाही, तिकडे ख्रिसमसच्या आदल्या रात्री बिनमांसाचंच करतात. त्यात आधी बटाटे, ते मऊ झाले की कोबी, कोबी जरासा करकरीत असतानाच परतलेलं बीट, एक उकळी आणि गॅस बंद. मग ठेचलेला लसूण घालून अर्धा तास झाकून ठेवायचं. ही झाकून ठेवायची पायरी अजिबात सोडू नका, चव तिथेच येते, आणि दुसऱ्या दिवशी अजून छान लागतं.

वरून शेपू. हो, आपलाच शेपू, फक्त तो वासाला जास्त उग्र आहे म्हणून निम्माच घ्या आणि अगदी कोवळा. स्मेटाना म्हणजे त्यांचं आंबट क्रीम, ते मिळालं नाही तर चक्क्यात थोडी साय फेटून प्रत्येकाच्या वाटीत वरून घाला, पातेल्यात घालून उकळू नका, फाटतं. लाल तिखट, गरम मसाला प्लीज नको. एकदा तरी हे त्यांच्यासारखं खाऊन बघा. घराघरात पद्धत वेगळी असते पण जीव सगळ्यांचाच अडकलेला असतो, युद्ध सुरू झाल्यावर २०२२ च्या जुलैमध्ये युनेस्कोने युक्रेनची बोर्श्त करायची परंपरा तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घातली, इतकं ते त्यांच्या घरातलं आहे.

प्रश्न: लेहला होमस्टेमध्ये स्क्यू, म्हणजे कणकेच्या गोळ्यांचा लडाखी रस्सा, खाल्लं, अजून विसरले नाहीये. पुण्यात जमेल का? आणि तिकडे मी डाळ करायला घेतली तर ती उघड्या पातेल्यात शिजेचना, असं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: डाळीचं आधी सांगते. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे पातेलं खळखळत असतं पण आतलं पाणी आपल्याइतकं गरम नसतंच. म्हणून तिकडे कुकरशिवाय डाळीचं काम होत नाही.

स्क्यू पुण्यात मस्त जमेल, कारण तुम्हाला वरणफळं येत असणारच. कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवा, बोराएवढा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून जरा पुढे ओढा, मधे खळगा पडला पाहिजे. रस्सा त्या खळग्यात बसतो, म्हणून लाटून चौकोनी कापू नका, मग ती वरणफळंच होतील. कांदा तेलात परता, त्यात बटाटा, गाजर, सलगम मोठ्या फोडी करून (मटण खात असाल तर ते आधी शिजवून), भरपूर पाणी, मीठ, आणि भाज्या अर्ध्या शिजल्या की एकेक गोळा सोडत जा. वीस मिनिटांत कणकेमुळे रस्सा आपोआप दाटतो.

भाज्या बदलू नका. फ्लॉवर-सिमला मिरची घातलीत तर चव भरकटते. बर्फाने रस्ते बंद व्हायचे त्या महिन्यांत जमिनीत खड्डा करून पुरून ठेवलेलं गाजर, सलगम, बटाटा आणि गच्चीवर वाळवलेली पालेभाजी एवढंच हाताशी असायचं, त्याच्यातूनच ही चव तयार झालीय. पुण्यात सलगम मिळाला नाही तर नवलकोल घ्या, मुळा नको, त्याचा वास सगळ्यावर बसतो. आणि वाढताना वाट बघत बसू नका, चुलीवरून थेट वाटीत, कारण गोळे दहा मिनिटांत सगळा रस्सा पिऊन टाकतात.