वाचकांचे प्रश्न : साठवणीची बिअर आणि खानदेशचा उन्हाळा

प्रश्न : माझ्या भाच्याने एप्रिलमध्ये पुण्याहून एका क्राफ्ट ब्रुअरीच्या ‘फ्रेंच पद्धतीच्या फार्महाउस एल’च्या, म्हणजे शेतावरच्या धाटणीच्या बिअरच्या, दोन बाटल्या आणल्या. लेबलवर ‘ब्येर द गार्द’ असे नाव आणि साडेसात टक्के मद्यार्क असा उल्लेख आहे. ही साठवणीची बिअर असते असे समजल्यामुळे एक बाटली उन्हाळाभर फडताळात जपून ठेवली आणि जूनअखेरीस अगदी बर्फगार करून उघडली. कडवटपणा जवळजवळ नव्हता, चव बोथट वाटली आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. मित्रांच्या मते तळघराचा असा वास हीच या बिअरची खूण आहे. हे खरे आहे का? भाच्याच्या फ्रीजमध्ये असलेली दुसरी बाटली कशी चाखावी?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : कडवटपणा कमी असल्याबद्दल ब्रुअरीला दोष देऊ नये. ही बिअर मुळातच मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाच्या, चवीवर उभी असते आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, तिच्यात तोल सांभाळण्यापुरते घातले जातात. पुठ्ठ्याच्या वासाबाबत मात्र आपल्या मित्रांशी मी सहमत नाही.

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेलगतच्या नोर आणि पा-द-काले या भागांत, शीतयंत्रे येण्यापूर्वी शेतकरी हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी बिअर तयार करून थंड तळघरांत ठेवत, कारण उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास आंबत असे. आज मिळणारी तांबूस, सहा ते साडेआठ टक्के मद्यार्काची ब्येर द गार्द ही त्या शेतावरच्या बिअरची हुबेहूब प्रत नव्हे. तिचे आजचे रूप घडवण्यात जांलँ गावातल्या, १९२२ साली सुरू झालेल्या द्युइक घराण्याच्या ब्रुअरीचा मोठा वाटा आहे. शॅम्पेनच्या जाड बाटलीत, बूच आणि तार लावून बिअर विकण्याची तिथली रीत पुढे या प्रकाराची ओळख ठरली.

साठवण या शब्दावर विसंबून बाटली फडताळात ठेवण्याची चूक अनेक जण करतात. किण्वन संपल्यावर ही बिअर ब्रुअरीतच थंड टाक्यांमध्ये काही आठवडे ठेवतात. त्या काळात यीस्ट तळाशी बसते आणि चवीतले खडबडीत कोपरे झिजतात. ग्राहकाच्या हाती येते ती बिअर या मुरवणीतून गेलेलीच असते. पुढे घरी ठेवायची झाली तरी थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी लागते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आपल्याकडच्या कोणत्या फडताळात तशी जागा सापडणार? उष्णतेत बाटलीतल्या प्राणवायूचे काम झपाट्याने होते आणि ट्रान्स-२-नॉनेनाल नावाचे द्रव्य जाणवू लागते. ओल्या पुठ्ठ्याचा वास त्याचाच. तळघराचा म्हणून कौतुकाने सांगितला जाणारा कुबट वासही बहुधा खराब बुचातून किंवा दूरच्या प्रवासातल्या हेळसांडीतून येतो. ताज्या, नीट सांभाळलेल्या ब्येर द गार्दमध्ये तो नसतो.

दुसरी बाटली आणताना उन्हापासून जपावी, कारण हॉप्समधील द्रव्यांवर ऊन पडले की थोड्याच वेळात उग्र, नकोसा वास तयार होतो. तपकिरी काच यापासून बरेच रक्षण करते, हिरवी फारसे करत नाही. फ्रीजमधून काढल्यावर लगेच ओतू नये. दहा-बारा अंशांवर तिचा सुगंध मोकळा होतो. उन्हाळ्यात त्यासाठी काही मिनिटे पुरतात, धुळे-जळगावच्या पौषातल्या रात्री मात्र बराच धीर धरावा लागेल. ग्लास पोट फुगीर आणि तोंड निमुळते असलेला, स्वच्छ धुतलेला घ्यावा. तळाशी यीस्टचा गाळ दिसत असेल तर बाटली तासभर उभी ठेवून अलगद ओतावे आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्यावा. आधी वास घ्यावा : निखाऱ्यावर फुगवलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा खमंगपणा आणि त्यामागे कॅरॅमलचा हलका गोडवा मिळायला हवा. जिभेवर सुरुवात गोडसर वाटते, पण घोट गिळल्यावर तोंड कोरडे व्हायला हवे. गोडवा चिकटून राहिला तर बिअर फसली आहे, असे खुशाल समजावे. मिरीसारखा झणका आणि भरपूर फेस अपेक्षित असेल, तर आपल्याला बेल्जियमची सेझों हवी आहे. तीही फार्महाउस एल म्हणूनच विकली जाते आणि त्यामुळे पुष्कळांची निराशा होते.

साडेसात टक्के म्हणजे आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या तोडीचा मद्यार्क. मोठी बाटली असेल तर ती तिघांत वाटून घ्यावी.

प्रश्न : अशा बिअरबरोबर शेवभाजी चालेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : चाखायची असेल तर नको. मद्यार्कामुळे काळ्या मसाल्याची आग अधिक भडकते आणि ओठांवरच्या तर्रीच्या तेलाने फेस बघता बघता विरतो. त्याऐवजी मिरची बेताची घातलेले वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी घ्यावी. काट्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि मॉल्टचा खमंगपणा एकमेकांना छान धरून राहतात. उत्तर फ्रान्समध्ये मारुआल नावाचे उग्र वासाचे चीज या बिअरसोबत खातात. आपल्याकडे ते सहसा मिळत नाही, आणि भरिताच्या हंगामात त्याची उणीवही भासणार नाही.