जुना हातशिलाईचा कोट घेण्यापूर्वी

लंडनमधील ‘सॅव्हिल रो’ या नामांकित शिंप्यांच्या रस्त्यावर शिवलेला जुना कोट पहिल्यांदाच विकत घेत असाल, तर बाहेरच्या कापडावर भाळण्याआधी आतल्या छातीच्या खिशात डोकावा. तेथील शिंपी मूळ ग्राहकाचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बहुधा याच खिशात शिवतात, त्यामुळे कोटाचे वय अंदाजाने ठरवावे लागत नाही. नंतर सर्वांत खालच्या बटणाजवळचे कापड आणि आतले कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच विलग करा. मध्ये तिसरा, मोकळा थर लागला, तर तो घोड्याच्या केसांचा कॅनव्हास समजावा. लॅपलच्या, म्हणजे कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्टीच्या, आत तो शेकडो बारीक टाक्यांनी धरलेला असतो आणि लॅपलचे वळण त्यातूनच येते.

कारागिराची खरी ओळख मात्र खांद्यात असते. ड्यूक ऑफ विंडसर (ब्रिटनचे माजी राजे आठवे एडवर्ड) यांचे कोट 1919 पासून अनेक वर्षे शिवणारे लंडनचे शिंपी फ्रेडरिक शोल्टे छातीवर आणि पाठीच्या फऱ्यांवर थोडे जादा कापड सोडत, मुंढा (बाही जोडायची जागा) मात्र उंच ठेवत, म्हणून हात उचलला तरी कोट जागचा हलत नसे. कोटाचा खांदा तुम्हाला नीट बसत नसेल, तर कोट कितीही स्वस्त असो, घेऊ नका. खांदा दुरुस्त करणे जवळजवळ नवा कोट शिवण्याइतके खर्चिक पडते. कंबर आणि बाहीची लांबी, आत माया (शिवणीतले जादा कापड) सोडलेली असल्यास, सहज जुळवता येते. कसर लागल्याची भोके उजेडाकडे धरून तपासा, विशेषतः कॉलरखाली.