वाचक विचारतात : कंपनी लहान की मोठी, हे मोजायचं कशाने?

प्रश्न : अमेरिकेतल्या एका छोट्या पाणीपुरवठा कंपनीचं वार्षिक विवरण आमच्या वर्धा रोडवरच्या ऑफिसात तयार होतं. कंपनी आजवर बी वर्गात आहे. यंदा तिचा महसूल पहिल्यांदाच १० लाख डॉलरच्या वर गेला. यंदापासूनच ए वर्गाचा फॉर्म भरायचा का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आधी कंपनी कोणत्या राज्यात आहे ते बघा. तिथे खासगी पाणी कंपन्यांवर राज्यांच्या आयोगांची देखरेख असते आणि वर्गाचं माप राज्यागणिक बदलतं. बरीच राज्यं या आयोगांच्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे नारुकची, हिशेबपद्धत वापरतात. तिच्या १९९६ च्या आवृत्तीप्रमाणे वर्षाचा ऑपरेटिंग रेव्हेन्यू, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कामातून येणारा महसूल, १० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर ए वर्ग, २ लाख ते १० लाखांच्या आत असेल तर बी आणि २ लाखांच्या आत असेल तर सी. कॅलिफोर्नियात मात्र डॉलर नव्हे, नळजोडण्या मोजतात : १०,००० च्या वर ए, २,००० च्या वर बी, ५०० च्या वर सी आणि त्याखाली डी. म्हणजे १,५०० जोडण्या आणि १२ लाख डॉलर महसूल असलेली कंपनी नारुकच्या मापाने ए वर्गात बसेल, कॅलिफोर्नियात सी वर्गात. दुसऱ्या क्लायंटची फाइल समोर ठेवून फॉर्म निवडला की घोटाळा होतो तो इथेच.

तुमची कंपनी नारुकची पद्धत वापरणाऱ्या राज्यात आहे असं धरू. तिथे एका वर्षाच्या आकड्याने वर्ग बदलत नाही. लगतच्या ३ वर्षांची सरासरी काढायची. समजा महसूल ९,४०,०००, ९,९०,००० आणि १०,६०,००० डॉलर असा आहे. बेरीज २९,९०,०००, सरासरी ९,९६,६६७. कंपनी अजून बी वर्गातच. पुढच्या वर्षी १०,८०,००० झाले, तर ९,४०,००० गळतील, सरासरी १०,४३,३३३ होईल आणि वर्ग बदलेल. खाली उतरतानाही हाच नियम. एखाद्या कोरड्या वर्षात पाण्याचा खप वाढला म्हणून सगळी हिशेबपुस्तकं बदलावी लागू नयेत, यासाठी सरासरीची ही सोय आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

भागाकार कोणाचा चुकत नाही. चुकतं ते महसुलात काय धरायचं ते. नव्या वसाहतीसाठी बिल्डरने दिलेले पैसे किंवा बांधून दिलेली पाइपलाइन महसुलात येत नाही. ती नारुकच्या खातेयादीतल्या खातं २७१ मध्ये, ताळेबंदात जाते. बँकेचं व्याज खातं ४१९ मध्ये, तेही बाहेर. उलट उशिरा भरलेल्या बिलावरचा दंड (४७०), जोडणी पुन्हा सुरू करण्याचं शुल्क (४७१) आणि अग्निशमनाच्या हायड्रंटची आकारणी (४६२) आत धरायची. हायड्रंटचं बिल वेगळं निघत असेल तर ते हमखास राहून जातं. सीमेवरच्या कंपनीचा वर्ग एवढ्यानेही चुकू शकतो.

सरासरी साडेनऊ लाखांवर गेली की तयारीला लागा. वरच्या वर्गात खर्चाची फोड जास्त बारीक मागतात. पंपिंग, शुद्धीकरण, वितरण, ग्राहक हिशेब असे कोड टाइमशीटवर १ जानेवारीपासूनच घालून घ्या. डिसेंबरात बसून वर्षभराचा पगार मागून वाटायला गेलात तर तो निव्वळ अंदाज ठरतो, आणि दरवाढीच्या सुनावणीत नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं.

प्रश्न : वीज कंपन्यांनाही अमेरिकेत हेच निकष आहेत का?
– सीए विद्यार्थिनी, सीताबर्डी

उत्तर : नाही. केंद्रीय ऊर्जा आयोगाच्या हिशेबपद्धतीत पैसा मोजतच नाहीत, मेगावॉट-तास मोजतात. ‘मेजर’, म्हणजे मोठी कंपनी, ठरायला चारपैकी एक पुरे : एकूण वार्षिक विक्री १० लाख मेगावॉट-तासांवर, पुनर्विक्रीसाठीची (घाऊक) विक्री फक्त १०० मेगावॉट-तासांवर, अदलाबदलीत दिलेली वीज ५०० वर किंवा दुसऱ्यांसाठी वाहून नेलेली वीज ५०० वर. इथे सरासरी चालत नाही. मागच्या तिन्ही वर्षांत, प्रत्येक वर्षी, मर्यादा ओलांडलेली हवी. पाण्याच्या कंपनीची सवय घेऊन इथे आलात तर फसाल. मेजर नसलेली पण वर्षाला १०,००० मेगावॉट-तास किंवा जास्त विक्री असलेली कंपनी ‘नॉनमेजर’.

या आकड्यांतली दरी कोराडीच्या वीज केंद्राच्या मापाने बघा. तिथला ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर १० लाख मेगावॉट-तासांना सुमारे ६३ दिवस लागतील. १०० ला फक्त ९ मिनिटं! त्यामुळे घरगुती ग्राहक मूठभर असलेली कंपनीही थोडीशी घाऊक विक्री करत असेल तर मेजर ठरते. हे विचित्र वाटतं, पण घाऊक विक्री आणि पारेषण हाच या आयोगाच्या अधिकाराचा गाभा आहे. किरकोळ दर राज्यं बघतात. सहकारी वीज संस्थांसाठी तिसरंच माप आहे : तिथल्या वीज कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वर्षाला ४० लाख मेगावॉट-तासांपेक्षा कमी विकणाऱ्या संस्था या आयोगाच्या बहुतेक तरतुदींतून सुटतात.

प्रश्न : आपल्याकडे असे वर्ग आहेत का? एसएनडीएल कोणत्या वर्गात होती?
– महाल

उत्तर : वीज कायदा, २००३ मध्ये वितरण कंपन्यांचे आकारानुसार ए-बी-सी वर्ग नाहीत. ऐरोलीत एका आयटी पार्कपुरती वीज देणारी गिगाप्लेक्स आणि राज्यभर पसरलेली महावितरण, दोघींनाही राज्य वीज नियामक आयोगापुढे बहुवार्षिक दरप्रस्ताव ठेवावा लागतो. आकाराचा विचार होतो तो दारातच : त्याच भागात दुसरा परवाना मागणाऱ्याला किमान किती क्षेत्र घ्यावं लागेल, हे २००५ च्या नियमांत ठरवलं आहे आणि २०२२ मध्ये त्यात बदल झाला.

एसएनडीएल २०११ ते २०१९ या काळात नागपूरच्या सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग विभागांत वीज देत होती, पण परवानाधारक म्हणून नव्हे. ती महावितरणची फ्रँचायझी, म्हणजे तिच्या वतीने वीज वाटणारी कंपनी होती. कलम १४ प्रमाणे फ्रँचायझीला वेगळा परवाना लागत नाही, आणि ग्राहकांना दर महावितरणचेच लागू होते. म्हणून तिचा वर्ग शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आयोगाच्या आदेशांत महावितरणचं नाव शोधा.