सूर्याच्या कडेवरचे फवारे का दिसत नाहीत?

प्रश्न : आमच्या शाळेत ७० मिमीची दुर्बीण आणि पुढून बसवायचा सोलर फिल्म फिल्टर आहे. सौर डाग छान दिसतात, पण प्लाझ्माचे (तापलेल्या विद्युतभारित वायूचे) फवारे कधीच दिसले नाहीत. फिल्टर बदलावा का? आणि हे फवारे वर्गात करून दाखवता येतील का?
– विज्ञान शिक्षिका, चोपडा

उत्तर : फिल्टर बदलू नका. दर वेळी दिव्यासमोर धरून त्याला भोक पडलेले नाही ना, एवढे पाहा. ही फिल्म सगळेच रंग मंद करते. फवारे मात्र हायड्रोजनच्या ६५६.२८ नॅनोमीटरच्या तांबड्या (एच-आल्फा) रेषेत उठून दिसतात, एरवी झगमगाटात बुडतात. त्यासाठी १ अँगस्ट्रॉमहून (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहून) अरुंद पट्टा सोडणारी एच-आल्फा दुर्बीण लागते. फिल्म काढून साधी तांबडी काच लावायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका; डोळा कायमचा जाईल.

४० मिमीच्या एच-आल्फा दुर्बिणीला सुमारे ४ आर्कसेकंदांपेक्षा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) बारीक तपशील दिसत नाही, म्हणजे सूर्यावर जवळपास ३,००० किमी. स्पिक्यूल, म्हणजे सूर्यावरचे बारीक फवारे, जेमतेम ५०० किमी रुंद, पण १०,००० किमीपर्यंत उंच. त्यामुळे सुटा फवारा न दिसता कडेला झालर दिसते. मोठ्या ज्वाला मात्र स्वच्छ दिसतात. फोटो काढताना सूर्याची तबकडी पांढरीफटक होईपर्यंत एक्स्पोजर वाढवा, तेव्हा कडेवरचे उमटते.

खानदेशात हे काम सकाळचेच. उन्हाळ्यात दहानंतर धाबे आणि पत्रे तापले की प्रतिमा थरथरते. पूर्वेला पाणी भरलेली केळीची बाग असेल अशी जागा निवडा.

वर्गातला प्रयोग मात्र नक्की करा. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतील सहेल डे, पियाली चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले, की हादरवलेल्या पॉलिमरच्या द्रावणातून उठणारे फवारे स्पिक्यूलसारखेच वागतात. ६ इंची वूफर (खालचे सूर काढणारा स्पीकर) उताणा ठेवा, त्यावर क्लिंग फिल्म सैलसर पसरा आणि ३-४ मिमी ॲक्रिलिक रंग ओता. मोबाइलवरून ॲम्प्लिफायरला ३० ते ५० हर्ट्झचा सूर देऊन आवाज हळूहळू वाढवा. मोबाइलचा स्वतःचा स्पीकर एवढा खालचा सूर काढू शकत नाही. हादरा गुरुत्वाकर्षणावर मात करू लागला की रंगाचे दोरे उठतात. नुसताच हिंदकळत असेल तर चमचाभर पाणी घाला. फार पातळ झाला तर थेंब उडतील. नंतर साधे पाणी घेऊन पाहा, त्याचेही थेंबच होतात. रंगातल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या फवारा तुटू देत नाहीत. सूर्यावर ते काम चुंबकीय बलरेषा करतात.

मोठे उद्रेक बलरेषा तुटून नव्याने जोडल्या गेल्यामुळे होतात, ते स्पीकरवर दाखवता येत नाहीत. त्यासाठी नासाच्या एसडीओ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानाची ३०४ अँगस्ट्रॉममधली (अतिनील किरणांतली) चित्रे वापरा. ती इंटरनेटवर मोफत मिळतात.