आठव्या शतकात जर्मन प्रदेशात ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या संत बोनिफेसने पूज्य ओक वृक्ष तोडताच सारा जमाव ख्रिस्ती झाला, ही कथा इतिहास मानावी का?

झाड तोडल्याची घटना बहुधा खरी आहे, परंतु क्षणात झालेले सामूहिक धर्मांतर ही चरित्रकाराची मांडणी समजावी. बोनिफेसच्या मृत्यूनंतर (इ.स. 754) काही वर्षांतच विलिबाल्ड या धर्मगुरूने लॅटिनमध्ये त्याचे चरित्र लिहिले. आजच्या जर्मनीतील हेसे प्रदेशातील गाइस्मार येथे, 723 च्या सुमारास, ‘जुपिटरचा ओक’ म्हणून पूजल्या जाणाऱ्या वृक्षाला कुऱ्हाडीने थोडीशी खाच पडते न पडते तोच दैवी वाऱ्याने तो उन्मळून त्याचे सारख्या लांबीचे चार तुकडे झाले, शाप देणारे लोक देवाची स्तुती करू लागले आणि त्याच लाकडातून संत पीटरच्या नावाचे प्रार्थनागृह उभे राहिले, असे तो सांगतो. त्याच्या सुमारे साडेतीन शतके आधी लिहिलेल्या, आजच्या फ्रान्समधील बिशप संत मार्टिनच्या चरित्रात पाइन वृक्षाचा असाच प्रसंग आहे. संतचरित्रे लिहिणाऱ्यांसमोर तो नमुना असे. तरीही विलिबाल्डला निव्वळ कल्पनारम्य ठरवणे अन्यायाचे होईल, कारण हेसेतील काहींनी ख्रिस्ती विधी आधीच स्वीकारले होते, तर काही जण झाडांना आणि झऱ्यांना, कोणी उघडपणे तर कोणी लपून, बळी वाहत होते, हेही तोच नोंदवतो. माझ्या मते धर्मांतराचे खरे, संथ चित्र याच ओळीत दिसते. शिवाय त्या भागावर तेव्हा सत्ता असलेल्या फ्रँक लोकांच्या सत्ताधीशाच्या आश्रयाशिवाय मूर्तिपूजा रोखता येत नाही, अशी कबुली बोनिफेसच्या स्वतःच्या पत्रात आहे. चमत्काराच्या वर्णनात ही बाजू येत नाही.