ग्रेटफुल डेडचे लाइव्ह शो, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं लाइव्ह ऐकायचंय पण एवढी रेकॉर्डिंग्ज बघून डोकंच गरगरतंय, आणि एकच गाणं पन्नास वेळा कशाला जमवायचं हो?

उत्तर: अहो कारण ते एकच गाणं नसतंच ना! सेटलिस्ट, म्हणजे शोमधल्या गाण्यांची यादी, रोज बदलायची, काल लवकर आटपलेलं गाणं आज वीस मिनिटं वाहत जायचं, आपण एकच राग वेगवेगळ्या मैफिलीत ऐकतो ना, तसंच. आधी ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला शो ऐका, बँडची साउंड इंजिनिअर बेटी कँटरने थेट साउंडबोर्डवरून (सगळे माइक जोडलेल्या मिक्सरवरून) टेप केलेला, आवाज इतका स्वच्छ की विचारू नका, वर्षानुवर्षं कॅसेटवर हातोहात फिरला आणि अधिकृत सीडी यायला २०१७ उजाडलं! मग 'डिक्स पिक्स' ही जुन्या शोंच्या अधिकृत अल्बमची मालिका, १९९३ पासूनचे ३६ भाग, सगळे घेत सुटू नका, खिसा रिकामा होईल. प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग्ज पण टाकाऊ नाहीत बरं का, १९८४ मध्ये बँडने टेपवाल्यांना, म्हणजे शो टेप करणाऱ्या चाहत्यांना, वेगळी जागाच करून दिली, आरडाओरडा येतो पण हॉलचा फील मिळतो. मला स्वतःला १९७२ चा युरोप दौरा जास्त आवडतो, कॉर्नेलवाले भांडायला येतील, येऊ देत. आणि फाइलवर तारीख-गाव लगेच लिहा, माझ्याकडचे तीन शो कुठले ते मलाच माहीत नाही.