ढोरडॉक्टर व्हायला परदेशात कशाला?

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बारावीला आहे, नीटमध्ये गुण कमी पडतील असं दिसतंय, आणि तिला ऑस्ट्रेलियात व्हेटरनरी करायचंय. खर्च किती? परत येऊन इथं प्रॅक्टिस करता येते का? आणि 'ढोरडॉक्टर व्हायला एवढे पैसे?' म्हणणाऱ्या नातेवाइकांना काय सांगायचं?

तिसऱ्या प्रश्नामुळं लिहायला बसलो. पहिल्या दोन्हींचं मधे कुठंतरी येईल.

मी विट्याजवळचा. आमच्याकडं घरटी एकजण गलाईत असतो. वडील केरळात सोनं गाळायचे, आई त्यांच्याबरोबर, आणि मी शाळेसाठी गावात चुलत्यांकडं. नाना माळकरी माणूस. चार गाई, पंधरावीस शेळ्या. शेळी व्यायला लागली की मला झोपेतून उठवायचे, माझा हात लहान म्हणून. माझं शिक्षण खरं तिथं सुरू झालं, पण हे नानांना कबूल करायचं म्हणजे वाद हरणं आहे, म्हणून कधी केलं नाही.

२०१० साली सीईटी होती. शिरवळचं पशुवैद्यक कॉलेज थोडक्यात हुकलं. वडिलांच्या दुकानाचे ते बरे दिवस होते, त्यांनी बाहेर पाठवायचं ठरवलं. नाना म्हणाले, "क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं कॉलेज हायवेला हाय, दीडशे किलोमीटरवर. एक वर्स थांब की. जनावराचं पोट तिकडं काय उजव्या अंगाला असतंय का?" मी ऑस्ट्रेलियाला गेलो. एकवीस वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे जन्म वाटतो, मी तर अठराचा होतो.

तिथं गेल्यावर पहिल्या महिन्यात क्यू फीवरची लस घ्यावी लागते. शेळ्या, मेंढ्या, गाई यांच्यापासून माणसाला होणारा ताप. विताना पडणारं पाणी आणि वार यांतून जास्त पसरतो. लस देण्याआधी रक्त तपासतात आणि हातावर टोचून सात दिवसांनी बघतात. वर्गातल्या बाकीच्यांचा हात साफ, माझा टम्म. नर्सनं विचारलं, आधी कधी मेंढ्याशेळ्यांत होतास का? मी म्हटलं, होतो म्हणजे, त्यांच्यातच वाढलो. ती म्हणाली, मग तुला लस देता येणार नाही, तुझ्या अंगाला हा जंतू आधीच माहीत आहे. फोनवर नानांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आमच्या शेळ्यांनी तुला आधीच पास केलाय." आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरलो.

ती ताठ कॉलर डिसेंबर २०१२ मध्ये उतरली.

दुसरं वर्ष संपवून घरी आलो होतो. रात्री नानांची पहिलारू एचएफ (होल्स्टीन) गाय विताना अडली. पाण्याची पिशवी फुटून बराच वेळ झालेला, पुढचे दोन पाय बाहेर, नाकाचा पत्ता नाही. नाना दवाखान्यात फोन करायला निघाले तर मीच थांबवलं. दोन वर्षांची फी अंगात होती ना! हात घातला, मान लागली, डोकं डाव्या बाजूला मागं वळलेलं. मी पाय धरून ओढायला लागलो. कळ आली की हात मनगटापासून बधिर. अर्धापाऊण तास ओढत होतो. कॉलेजात आम्ही नुसतं हात घालून तपासायला रबराच्या गाईवर शिकलो होतो आणि रबराच्या गाईला कळा येत नाहीत.

शेवटी नानांनी मला न विचारता फोन लावला. सरकारी दवाखान्यातल्या मॅडम स्कूटीवर आल्या, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. कोमट पाणी मागितलं, साबणाचं पाणी आत सोडलं, शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. मग मी जे ओढत होतो ते त्यांनी आधी आत ढकललं. वासराला मागं सारून जागा केली, जबड्यात बोटं घालून डोकं फिरवलं, कानामागून दोरी घेतली आणि मग मला म्हणाल्या, आता ओढ. वीसेक मिनिटांत कालवड बाहेर. जिवंत.

चहा पिताना नानांनी विचारलं, "शिकलासा कुठं?"

"शिरवळला."

"फी किती हुती वो?"

त्यांनी आकडा सांगितला. नाना माझ्याकडं बघून हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि कालवडीचं नाक पुसायला गेले.

तेव्हापासून मी नानांना एकच गोष्ट सांगतोय. मॅडम पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या होत्या, मी दुसऱ्या वर्षाचा होतो. शिरवळच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला त्या गाईपुढं उभं करा आणि मग बोला. त्याला प्रसूतिशास्त्र शिकवलेलंच नसतं, मलाही नव्हतं. बारा वर्षं झाली. नाना म्हणतात, "व्हय व्हय."

असो. ताईंचे प्रश्न.

खर्च. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला साठसत्तर हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जाते, काही ठिकाणी वर. शिवाय राहणं-खाणं. विद्यापीठ बघून पाच ते सात वर्षं. रुपयांत करून बघा आणि मग पाणी प्या. काम करून भागेल असं एजंट सांगतो. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांचीच परवानगी आहे, आणि सुट्ट्या मोकळ्या नसतात. सुट्टीत डेअरी, मेंढ्या, डुकरं, घोडे, कोंबड्या अशा फार्मवर जाऊन आठवडे भरावे लागतात. इंग्लंडात तर त्याचे आठवडे ठरवलेले आहेत, काही जनावरं सांभाळण्याचे, काही दवाखान्यातले. अमेरिकेत बारावीनंतर थेट प्रवेश मिळेल ही आशा सोडा. तिथं आधीचं कॉलेज करून मग चार वर्षांची डीव्हीएम, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी. हंगेरी, स्लोव्हाकियात इंग्रजीतून शिकवतात आणि फी पुष्कळ कमी आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला सात गुण धरून चाला.

परत येऊन प्रॅक्टिस. बाहेरची पदवी आणली की फलक लावता येतो असं समजू नका. १९८४ च्या कायद्याप्रमाणं भारतात नोंदणी लागते, आणि कोणत्या परदेशी पदव्या चालतात त्याची यादी त्या कायद्याला जोडलेली आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेला पत्र लिहून त्या नेमक्या विद्यापीठाचं नाव विचारा, उत्तर लेखी घ्या, फी त्यानंतर भरा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. तुमच्या घरात माळ असेल तर नीट वाचा. तिकडच्या शिक्षणात कत्तलखाना येतो. मांस तपासणं हा पशुवैद्याच्या कामाचा भाग आहे, तिथं उभं राहावं लागतं. पाय मोडलेल्या गाईला मारणं हाही उपचारातच मोडतो, आणि ते शांतपणे करायला शिकवतात. मी शिकलो. नानांना अजून सांगितलेलं नाही. मुलीला हे आत्ताच विचारा, नीटच्या गुणांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. कुत्र्यामांजरांची आवड आहे म्हणून निघालेली पोरं तिथं कोसळताना बघितली आहेत.

माझं रोखठोक मत: नुसतं नीट हुकलं म्हणून जाऊ नका. एक वर्ष थांबून शिरवळ, परळ, नागपूर, परभणी, उदगीर यांपैकी काही मिळतंय का बघा. साडेपाच वर्षांत पदवी हातात. मग बाहेरच जायचं असेल तर ऑस्ट्रेलियाची नोंदणीची परीक्षा आहे, आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष जनावरांवर. इंग्लंडची वेगळी, अमेरिकेची वेगळी. अवघड आहेत, प्रत्यक्षवाली तर चांगलीच महाग, तरी पूर्ण फीपुढं काहीच नाही. हे नानांचंच म्हणणं झालं, माझ्या लक्षात आलंय. पण नाना खर्चावरून बोलत होते, मी रस्त्यावरून बोलतोय. फरक आहे.

नातेवाइकांना सांगा, तिकडच्या वर्गात फलटणचं नाव निघतं. खरंच निघालं. मेंढीला जुळी होण्याचा एक जनुक आहे. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो जातीच्या मेंढ्यांत तो १७९२-९३ च्या सुमारास बंगालहून नेलेल्या मेंढ्यांतून आला. तोच जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतून आपल्या दख्खनी मेंढीत आणला. प्राध्यापकांनी नकाशावर फलटण दाखवलं तेव्हा मी हात वर करून म्हटलं, आमच्या शेजारचा तालुका. शेजारचा नाही, पण तिथून बघितलं तर शेजारचाच.

मी आता व्हिक्टोरियात, वॉर्नांबूलच्या बाजूला डेअरीच्या गाईंचं काम करतो. इथल्या पदवीवर इथली नोंदणी सरळ झाली, वेगळी परीक्षा नाही. हा फायदा वर लिहायला हवा होता.

मागच्या डिसेंबरात रात्री दोनला नानांचा व्हिडिओ कॉल. तिकडं साडेआठ वाजलेले. गाय काल व्यायलेली, आज बसलेली, मान पोटाकडं वळवलेली, कान गार. म्हटलं, नाना, दवाखान्यात मॅडमना फोन करा. "त्यांची कवाच बदली झाली. तू बोल." मी सांगितलं, कॅल्शियम उतरलंय, आडवी पडू देऊ नका, अंगाला पोती लावून छातीवर बसती ठेवा, तोंडातनं काही पाजू नका, जो डॉक्टर येईल त्याला कॅल्शियम शिरेतून अगदी हळू सोडायला सांगा, घाई केली तर हृदय थांबतं.

नानांनी फोन फिरवला. पोती आधीच लावलेली होती. डॉक्टर अंगणात बाटली गरम पाण्यात धरून उभा.

"एवढं मलाबी ठावं हुतं," नाना म्हणाले.

"मग मला कशाला उठवलं?"

"बघावं म्हटलं, शिकवलंय का न्हाई."